जुन्या पेट्रोल गाडीचा इंजिन ऑइलचा खप : साडेनऊ हजार किलोमीटरनंतरचा अनुभव

माझी गाडी २०१२ सालची, बाराशे सीसीची, चार सिलिंडरांची पेट्रोल हॅचबॅक आहे आणि ती पहिल्या दिवसापासून माझ्याकडेच आहे. घर डिचोलीला आणि शाळा साखळीला असल्यामुळे तिचे रोजचे धावणे थोडेच होते. आठवड्यातून एखादी फेरी पणजीची किंवा म्हापशाची आणि महिन्यातून एकदा चोर्ला घाटातून बेळगाव, म्हणजे माझी सासुरवाडी, असा तिचा वर्षानुवर्षांचा नेम आहे. गेल्या ऑक्टोबरात बेळगावहून परतताना घाटाच्या एका डाव्या वळणावर डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा क्षणभर लागून विझला, आणि पुढच्या वळणावर पुन्हा लागला. मी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद करून दहा मिनिटे थांबलो आणि डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, ओढली, तर तिच्या टोकाला काळा ओलावा तेवढा होता. मागून दुसऱ्या गाडीने येणाऱ्या मेहुण्याने साखळीहून ऑइलचे डबे आणून दिले. साडेतीन लिटर ऑइल मावणाऱ्या त्या इंजिनात दोन लिटर ओतल्यावर कुठे पातळी वरच्या खुणेला लागली.

हा दिवा ऑइलच्या दाबाचा असतो, पातळीचा नसतो, हे मला पुस्तकी माहीत होते, पण त्याचा अर्थ त्या दिवशी कळला. ऑइल इतके खाली गेले होते की वळणावर ते इंजिनाच्या तळच्या ऑइल चेंबरच्या एका बाजूला सरकले की पंप हवा ओढू लागे. सपाट रस्त्यावर तोच दिवा आणखी काही दिवस गप्प राहिला असता आणि मग एकदम बेअरिंगवरच बेतले असते. आधीची सर्व्हिसिंग होऊन सहा हजार किलोमीटर झाले होते आणि तेवढ्या काळात मी बॉनेट उघडून डिपस्टिक एकदाही पाहिली नव्हती. ज्यांची गाडी लाखाच्या पुढे गेली आहे, त्यांनी दर पाचशे किलोमीटरला डिपस्टिक पाहावी, ही माझी कळकळीची विनंती आहे.

पहिल्या गॅरेजमध्ये इंजिन सुरू करून, सायलेन्सरकडे एकवार पाहून, 'रिंगा (पिस्टनभोवतीच्या कड्या) गेल्या, इंजिन उतरवावे लागेल' असे सांगण्यात आले आणि खर्च ४५,००० रुपयांच्या घरात जाईल असा अंदाज मिळाला. तो अंदाज खोटा होता असे मी म्हणत नाही. पण खप नेमका किती आहे आणि ऑइल कोणत्या वाटेने जाते आहे, हे दोन प्रश्न तिथे कोणी विचारलेच नाहीत. म्हणून दोन महिने दुरुस्तीला हात न लावता आधी मोजमाप करायचे ठरवले.

मोजण्याची पद्धत साधी असली तरी तिच्यातली शिस्त महत्त्वाची आहे. आमच्या अंगणाला पावसाचे पाणी वाहून जाण्यासाठी उतार दिलेला आहे, त्यामुळे तिथली डिपस्टिकची खूण भरवशाची नव्हती. गाडीच्या छपरीतली काँक्रीटची जमीन गवंड्याकडची पातळी लावून तपासली आणि तीच जागा कायमची ठरवली. दर पाचशे किलोमीटरला, सकाळी, इंजिन सुरू करण्यापूर्वी डिपस्टिक पुसून दोनदा पाहायची, मिलिलिटरच्या खुणा असलेल्या मापाने बरोबर वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरायचे आणि किलोमीटरच्या काट्यावरचा आकडा, ओतलेले ऑइल व त्या टप्प्यात घाट झाला की नाही, हे वहीत लिहायचे. वरच्या खुणेच्या वर मात्र कधीही भरू नये. जास्तीचे ऑइल क्रँकशाफ्टच्या, म्हणजे खाली फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या, मारात येऊन फेसाळते आणि उलट अधिक जळते. १,६८,२०० ते १,७०,२०० या दोन हजार किलोमीटरांत १,२४० मिलिलिटर गेले, म्हणजे हजाराला ६२०. काही उत्पादक आपल्या पुस्तिकांत हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंतचा खप स्वीकारार्ह धरतात. माझी गाडी त्याच्याही पुढे होती.

ती वही घेऊन मी साखळीतल्या एका वयस्क मेकॅनिककडे गेलो. त्यांनी ती चाळली आणि पहिलाच प्रश्न केला, "सर, धूर कधी मारते ते सांगा. सकाळी चालू करताना, चढाला ओढताना, की उतार संपल्यावर?" याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. पुढच्या बेळगाव फेरीत मेहुण्याला मुद्दाम मागे राहून पाहायला सांगितले. घाटाच्या पायथ्याच्या केरीला उतरल्यावर तो म्हणाला, "दाजी, चढाला काहीच दिसलं नाही. पण लांब उतारानंतर तुम्ही परत पाय दिलात की निळा ढग येतो आणि लगेच जातो." रात्रभर उभी राहिल्यावर सकाळीही तसाच एक निळसर झोत येत असे, तो मी घरी स्वतः पाहिला.

ही खूण फार बोलकी आहे. उतारावर ॲक्सिलरेटर सोडून गिअरच्या जोरावर उतरताना थ्रॉटल (हवेची झडप) बंद असतो आणि इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत, जोरदार निर्वात तयार होतो; व्हॉल्व्हच्या दांड्यावरची रबरी सीले कडक झाली असतील, तर वरच्या भागातले ऑइल त्या ओढीने दांड्यावरून खाली ज्वलनकक्षात उतरते आणि पाय देताच एकदम जळते. रात्री तेच ऑइल थेंबाथेंबाने पाझरून साचते. रिंगा झिजल्या असत्या, तर धूर चढावर, भार असताना दिसला असता. मेकॅनिकने प्लग काढले, तेव्हा दुसऱ्या सिलिंडरचा प्लग काळा आणि ओलसर निघाला, बाकीचे तीन त्यामानाने कोरडे होते. काँप्रेशन, म्हणजे पिस्टनने दाबलेल्या हवेचा दाब, चारही सिलिंडरांत दर चौरस सेंटिमीटरला ११ ते ११.५ किलोच्या दरम्यान भरले. मात्र त्यांनी तिथेच एक गोष्ट स्पष्ट केली आणि ती इथे नोंदवणे आवश्यक वाटते : काँप्रेशन चांगले आले म्हणजे वरच्या रिंगा चांगल्या, एवढेच सिद्ध होते, खालची ऑइल रिंग काजळीने चिकटली असेल, तर ती या तपासणीत सापडत नाही.

जानेवारीत आधी स्वस्तातले काम केले. टॅपेट कव्हरचे, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचे, गॅस्केट पाझरत होते आणि इंजिनाच्या मागच्या बाजूला चिकट धूळ साचली होती, ते बदलले; त्याबरोबर पीसीव्ही व्हॉल्व्ह बदलला. हा लहानसा व्हॉल्व्ह क्रँककेसमधली (इंजिनाच्या खालच्या पोकळीतली) वाफ इनटेककडे सोडतो. चांगला असेल तर हातात हलवल्यावर खुळखुळतो, माझा चिकटून मुका झाला होता. पुढच्या दीड हजार किलोमीटरांत खप हजाराला ४६० वर आला.

त्यानंतर ऑइलची ग्रेड. ज्या ऑइलविषयी सर्वांत जास्त विचारले जाते, ते हे जास्त धावलेल्या गाड्यांसाठी म्हणून विकले जाणारे १०डब्ल्यू-४०. मी आजवर ५डब्ल्यू-३० वापरत आलो होतो. गाडीच्या पुस्तिकेतल्या तापमानाच्या कोष्टकात १०डब्ल्यू-४० ला परवानगी आहे, हे आधी पाहून घेतले. ज्यांच्या पुस्तिकेत ती नाही, विशेषतः अलीकडच्या पातळ ऑइलवर बेतलेल्या इंजिनांत, त्यांनी हा बदल स्वतःच्या मनाने करू नये. डब्ल्यूच्या अलीकडचा आकडा थंडीतल्या वर्तनाचा असतो आणि गोव्याच्या हवेत ५ व १० यांतला फरक जाणवण्याइतकी थंडी पडतच नाही. खरा फरक दुसऱ्या आकड्यात आहे : १०० अंश सेल्सियसला ३० ग्रेडची स्निग्धता (दाटपणा) ९.३ ते १२.५ सेंटिस्टोकच्या आत असते, तर ४० ग्रेडची १२.५ ते १६.३ च्या आत. म्हणजे तापलेल्या इंजिनात हे ऑइल दाट राहते आणि झिजलेल्या फटींतून कमी निसटते. अशा ऑइलमध्ये सुकलेल्या रबराला किंचित फुगवून मऊ करणारी द्रव्येही घातलेली असतात.

अडीच हजार किलोमीटरांचा हिशेब सांगायचा तर खप हजाराला ३४० झाला. सुधारणा खरी होती, पण तिच्यावर मी समाधान मानू शकलो नाही, कारण सकाळचा निळा झोत कमी झाला तरी थांबला नाही, आणि नवे ऑइल भरल्यानंतरच्या पहिल्या हजारापेक्षा शेवटच्या हजारात खप पुन्हा थोडा वाढलेला दिसला. इंजिनाचा आवाज मात्र खालच्या फेऱ्यांवर स्पष्टपणे मऊ झाला. पेट्रोलची सरासरी लिटरला १६.८ किलोमीटरवरून १६.४ वर आली. पण त्याच काळात एसीचा वापर वाढला होता, त्यामुळे सगळा दोष ऑइलवर टाकणे योग्य होणार नाही. धूर थांबवण्यासाठी वरून ओतण्याच्या बाटल्या बाजारात मिळतात, त्या मी घेतल्या नाहीत. त्यांतल्या बहुतेक ऑइल दाट करण्याचेच काम करतात आणि ते काम ग्रेड बदलून झालेले होते.

मे महिन्याच्या सुटीत व्हॉल्व्ह सीले बदलली. हेड, म्हणजे इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग, न उतरवता हे काम होते, हे मला आधी ठाऊक नव्हते. एका वेळी एक सिलिंडर घेऊन, पिस्टन वर आणून, प्लगच्या भोकातून काँप्रेसरची हवा दाबून ठेवतात, म्हणजे स्प्रिंग काढली तरी व्हॉल्व्ह आत पडत नाही. मग जुने सील उपटून नवे बसवतात. सोळा व्हॉल्व्ह, सोळा सीले, दीड दिवसाचे काम. मेकॅनिकने काढलेले एक सील माझ्या तळहातावर ठेवले आणि शेजारी एक नवे ठेवले. नव्याचे ओठ नखाने दाबले की आत जात होते. जुने चिमटीत धरून दाबले, तर त्याचा काठ बांगडीच्या काचेसारखा कट्‌कन तुटला. त्या एका क्षणात सगळे दुखणे समोर दिसले. ऑइल मुद्दामच बदलले नाही, तेच १०डब्ल्यू-४० पुढे चालवले, म्हणजे फरक सीलांचाच आहे हे कळावे. तेव्हापासून ३,६०० किलोमीटरांत ५०० मिलिलिटर लागले, म्हणजे हजाराला १४० च्या आसपास. त्यातली १,७६,७०० ला झालेली ऑइलबदली वेगळी धरली आहे. सकाळचा धूर गेला आणि केरीला उतरल्यावर मेहुण्याने हाताने 'काही नाही' अशी खूण केली.

पावसाळ्यातला एक अनुभव सविस्तर सांगतो, कारण तो फसवणारा आहे. जुलैत बेळगावला जाणे झाले नाही, रोजची शाळेपुरतीच फेरी होती, आणि वहीत सलग दोन नोंदींना ऑइल जवळजवळ लागलेच नाही. मला आनंद होण्याआधी डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला. इंजिन पुरते तापण्याच्या आत बंद होत राहिले की न जळलेले पेट्रोल आणि बाष्प ऑइलमध्ये उतरते, आणि जळलेल्या ऑइलची जागा ते भरून काढते. पातळी सारखी दिसते, प्रत्यक्षात ऑइल पातळ झालेले असते. पुढे एका रविवारी मडगावपर्यंत लांबची फेरी झाली, तेव्हा ते उडून गेले आणि पातळी एकदम उतरली. म्हणून माझ्या १४० च्या आकड्यात लांब फेऱ्यांचे टप्पे धरलेले आहेत. ज्यांची गाडी गावातल्या गावात फिरते, त्यांनी महिन्यातून एकदा तरी तासभर सलग चालवूनच हिशेब मांडावा, आणि ऑइल ५,००० किलोमीटरलाच बदलावे.

खर्चाचे सांगायचे, तर गॅस्केट आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह मजुरीसह १,९०० रुपये, सीले १,१०० रुपये, त्यांची मजुरी ५,५०० रुपये आणि काँप्रेशन तपासणीचे ४०० रुपये, असे ८,९०० रुपये झाले, ऑइल वेगळे. गाडीची पंधरा वर्षांची नोंदणी २०२७ मध्ये संपते आणि मला ती नूतनीकरण करून पुढे वापरायची आहे, त्या दृष्टीने हा खर्च मला पूर्ण पटला. ऑइल ओतत राहणे स्वस्त पडते असा हिशेब काही जण करतात, पण जळणाऱ्या ऑइलमधला फॉस्फरस सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हळूहळू निकामी करतो आणि तो भाग सीलांच्या कित्येक पट महाग असतो. शिवाय तो धूर आपल्यामागून स्कूटरवर येणाऱ्या माणसाच्या छातीत जातो. ज्यांच्या गाडीला चढावर, भाराखाली धूर दिसतो, त्यांना मात्र सीलांवर पैसे घालण्याचा सल्ला मी देणार नाही.

उरलेले १४० मिलिलिटर बहुधा दुसऱ्या सिलिंडरच्या ऑइल रिंगमधून जातात, असे मेकॅनिकचे आणि माझे मत आहे, कारण गेल्या आठवड्यात प्लग काढले तेव्हा तीन प्लग फिकट तपकिरी होते आणि दुसऱ्याच्या कडेला अजून काळी रेघ होती. काट्यावर आज १,७७,८०० आहेत. १,८०,००० ला पुन्हा प्लग आणि काँप्रेशन पाहायचे ठरले आहे. ती रेघ वाढली आणि खप हजाराला ३०० च्या वर गेला, तरच इंजिन उतरवायचे. तोपर्यंत डिकीत एक लिटरचा डबा, एक नरसाळे आणि डिपस्टिक पुसायला जुन्या सुती पंच्याचा तुकडा कायम ठेवलेला आहे.