आईसाठी भरलेले 3,94,100 रुपये आणि पाडव्याच्या फोटोतली मेंदी

हे लिहायला मला चार महिने लागले, कारण वर्गातल्या मुलांना "वाचल्याशिवाय सही करू नका" असे बजावणाऱ्या बाईने स्वतःच न वाचता सही केली, हे चारचौघांत सांगणे सोपे नाही. मी परभणीत माध्यमिक शाळेत शिकवते. माझ्या 79 वर्षांच्या आईला अल्झायमर आहे आणि तिच्या देखभालीच्या नावाखाली माझ्याकडून एकूण 3,94,100 रुपये घेतले गेले. त्यातला एकही रुपया परत आलेला नाही.

आईला घराबाहेर ठेवण्याची वेळ का आली, हे आधी सांगते, कारण तो प्रश्न मला शेजारणीपासून ठाण्यातल्या हवालदारापर्यंत सगळ्यांनी विचारून झाला आहे. दिवस मावळला की ती अस्वस्थ व्हायची आणि "गाय दोहायची राहिली" म्हणत कडी काढून निघायची. डिसेंबरात रात्री अडीच वाजता ती वसमत रस्त्यावर अनवाणी सापडली. माझ्या मिस्टरांची बायपास झालेली, भाऊ पुण्यात दोन खोल्यांत, आणि महिना 9,000 रुपयांवर ठेवलेली बाई तिसऱ्या आठवड्यात सोडून गेली. ज्यांच्या घरात असे माणूस नाही, त्यांनी मला कर्तव्य शिकवू नये.

केंद्र मराठवाड्यातल्याच एका मोठ्या शहराच्या बायपासलगत आहे. ते सुचवले एका "सल्लागार" गृहस्थांनी; ते फोनवर अत्यंत अदबीने बोलत आणि "आम्ही कुटुंबाकडून एक पैसाही घेत नाही" हे वाक्य प्रत्येक वेळी म्हणत. कुटुंबाकडून घेत नाहीत म्हणजे कोणाकडून घेतात, हे मी विचारले नाही. सल्ला फुकट असेल तर त्याचे पैसे तुमच्याच बिलातून जात असतात, हे कृपया ध्यानात ठेवा.

पहिल्या भेटीत "स्मृती मूल्यांकन" म्हणून 6,500 रुपये घेतले. वास्तविक मेंदूविकार तज्ज्ञांनी तीस गुणांची चाचणी आधीच केली होती आणि आईला 14 गुण मिळाले होते. तो कागद माझ्या पिशवीत होता. केंद्राच्या माणसाने वीस मिनिटे गप्पा मारून 21 गुण लिहिले आणि सहा महिन्यांच्या "स्मृती पुनर्वसन कार्यक्रमाने" बराच फरक पडेल, असे सांगितले. अल्झायमर बरा होत नाही, गोळ्यांनी काही काळ लक्षणे सावरतात एवढेच, हे मला डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. तरीही सात गुण वाढलेले पाहून मला आनंद झाला, हे मी कबूल करते.

पुढचा हिशोब असा. परतीची अनामत 1,50,000 रुपये, चेकने, संस्थेच्या नावाने. महिना 38,000 प्रमाणे सहा महिन्यांचे 2,28,000, एकदम भरल्यास दहा टक्के सूट, म्हणून 2,05,200 रुपये. हे नेट बँकिंगने, पण संचालकांच्या वैयक्तिक खात्यात, कारण "संस्थेच्या खात्याचे केवायसी चालू आहे". पुढे विशेष परिचारिकेचे दोन महिन्यांचे 24,000 आणि डायपरचे 8,400. यासाठी मी आईच्या कुटुंब निवृत्तिवेतनातून साठवलेली ठेव मुदतीआधी मोडली. अनामतीची पावती मी घरी येऊन फाईलला लावली, वाचली एप्रिलमध्ये. तिच्यावर छापले होते: "ऐच्छिक देणगी, परत मिळणार नाही." करारात तर स्मृतिभ्रंश हा शब्दच नव्हता, "सामान्य निवास व भोजन" एवढेच होते. तोंडी जे सांगितले जाते ते कागदावर कुठे आहे, बोट ठेवून दाखवायला सांगा. दाखवता आले नाही तर उठून या.

आता मेंदीविषयी लिहिते. 9 फेब्रुवारीला भाचीचे लग्न होते. बाबा जाऊन चौदा वर्षे झाली, त्यानंतर आईने कधी मेंदी लावली नव्हती; पण आपण विधवा आहोत हेच ती विसरली होती, त्यामुळे मुलींच्या रांगेत बसून तिने निमूटपणे हात पुढे केला. दोन-चार बायकांनी नाके मुरडली, वहिनीने मात्र कोपरापर्यंत काढायला लावली. रंग असा चढला की सगळ्या वऱ्हाडाने पाहिला. 13 तारखेला आम्ही तिला केंद्रात सोडले. पहिले 45 दिवस भेटायचे नाही, रुग्णाला रुळू द्यायचे, असा तिथला नियम होता. त्याऐवजी दर रविवारी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो यायचा. कधी निळी शाल, कधी हिरवी, कधी हातात चेंडू, कधी रंगखडू.

30 मार्चला पाडव्याच्या शुभेच्छांसह फोटो आला. आई खुर्चीत बसलेली, दोन्ही हातांत स्टीलची वाटी, आणि हातांवर मेंदी गडद, तपकिरी, अंगठ्याजवळची कोयरीसुद्धा स्पष्ट. लग्नाला त्या दिवशी बरोबर सात आठवडे झाले होते. मेंदी पंधरा-वीस दिवसांत उडते, हे कळायला विज्ञान शिकवावे लागत नाही, आणि मी तर विज्ञानच शिकवते. मी काय केले? तो फोटो वहिनीला पाठवला आणि खाली लिहिले, "बघ, आईच्या हातावर अजून किती छान रंग आहे." वहिनीने लाल बदाम पाठवला. सगळे फोटो पहिल्या एक-दोन दिवसांत शाली बदलून काढून ठेवलेले होते. तो निरोप मी अजून पुसलेला नाही; रात्री झोप येत नाही तेव्हा तो उघडून पाहते.

45 दिवस 30 मार्चलाच संपले होते, तेव्हा का गेला नाहीत, असेही विचारतात. मार्चच्या मध्यापर्यंत दहावीची पर्यवेक्षणे, मग उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, मग शाळेच्या परीक्षा, आणि जायला एका बाजूने चार तास. शिवाय फोटोत ती हसत होती.

19 एप्रिलला, शनिवारी, न कळवता गेले. खोलीला बाहेरून कडी होती. आत आठ खाटा, सकाळचे साडेअकरा वाजलेले आणि आठही जणी झोपलेल्या. आईच्या अंगात दुसऱ्याच कोणाचा तरी गाऊन, माकडहाडाशी रुपयाएवढी जखम. विशेष परिचारिका म्हणून जिचे पैसे भरले, ती स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती. परत आणल्यावर वजन केले. 51 किलोंची आई साडेत्रेचाळीसवर आली होती. उशीखाली सापडलेली गोळ्यांची पट्टी मी सोबत आणली. ती झोपेच्या गोळ्यांची निघाली आणि आमच्या डॉक्टरांनी तशी गोळी कधीच लिहून दिलेली नव्हती. पाहणी करायची असेल तर सकाळी दहाला, चहा-बिस्किटांच्या वेळी जाऊ नका. संध्याकाळी सातला जा, कारण या आजाराची माणसे त्याच वेळी बिथरतात आणि तेव्हा तिथे किती माणसे कामावर आहेत ते उघड्या डोळ्यांनी दिसते.

यानंतरची वणवण फसवणुकीहून कमी नव्हती. ठाण्यात सांगण्यात आले की हा पैशाचा दिवाणी वाद आहे. 1 जुलै 2024 पासून फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचे कलम 318 लागू आहे, असे मी म्हणाले, तर साहेब म्हणाले, "बाई, कलमं आम्हाला शिकवू नका. अन् आईला ठेवलंच कामून तिथं?" आरोग्य विभागाने सांगितले की ते रुग्णालय नाही, म्हणून शुश्रूषागृहाची नोंदणी लागत नाही आणि तपासणीही त्यांची नाही. धर्मादाय संस्थांचे कार्यालय म्हणाले, पावती देणगीची आहे, देणगी कोणी परत मागते का? ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्याखाली उपविभागीय अधिकाऱ्यांकडे गेले, तर तिथला लिपिक म्हणाला की हे प्राधिकरण पालकांना न सांभाळणाऱ्या मुलांसाठी आहे, आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की जणू मीच प्रतिवादी. चार कार्यालये, सहा खेपा, दर खेपेला बिनपगारी रजा. पंचाहत्तरी ओलांडलेल्या, बोलता न येणाऱ्या आठ बायकांना कडी लावून ठेवलेली जागा नेमकी कोणाच्या अखत्यारीत येते, याचे उत्तर मला आजतागायत कोणी दिलेले नाही. दरम्यान केंद्राने 40,000 रुपये देऊ केले, अट एवढीच की "सेवेबाबत समाधानी" असे लिहून द्यावे. मी दिले नाही.

अखेर ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि मग जिल्हा ग्राहक आयोगात गेले. 2019 च्या कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगात दावा दाखल करता येतो, आणि मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. हे कोणी वेळेत सांगितले असते तर माझ्या सहाही खेपा वाचल्या असत्या. मुदत दोन वर्षांची आहे, तेव्हा लाजेने गप्प बसून ती घालवू नका. वैयक्तिक खात्यात पैसे भरू नका. सहा महिन्यांचे एकदम तर मुळीच भरू नका. "भेटायचे नाही" म्हणतील तिथे माणूस ठेवू नका, आणि रोज फोटोऐवजी व्हिडिओ कॉल मागा, तोही आपल्या वेळेला. अडीअडचणीला ज्येष्ठांसाठी 14567 हा क्रमांक आहे.

नोटिसीचा लखोटा "पत्त्यावर राहत नाहीत" असा शेरा मारून परत आला, म्हणून मागच्या आठवड्यात भाचा स्वतः जाऊन आला. इमारत तीच, पहारेकरी तोच, दाराशी फलक मात्र नवा, वेगळ्या नावाचा. त्या फ्लेक्सवर "आपुलकीने सांभाळ" या अक्षरांशेजारी माझ्या आईचा फोटो आहे, खुर्चीत बसलेली, हातांत स्टीलची वाटी, हातांवर मेंदी. भाच्याने त्याचे छायाचित्र काढून आणले. ते मी तक्रारीला परिशिष्ट 9 म्हणून जोडले आहे.