फाउंड्री व्हर्च्युअल टेबलटॉप : नकाशावरील टाइल्सची सोय
भूमिका-खेळांसाठी (ज्यांत प्रत्येक खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो) डिजिटल नकाशे रचणाऱ्यांना, असे खेळ संगणकावर खेळवण्याच्या फाउंड्री व्हर्च्युअल टेबलटॉप या सॉफ्टवेअरमधील टाइल्सची, म्हणजे नकाशावर ठेवायच्या सुट्या चित्रांची, सोय मी मनापासून सुचवेन. तळाशी पार्श्वभूमीचे एकच चित्र ठेवून त्यावर झाडे, मेजे, पडक्या भिंती अशी पारदर्शक चित्रे स्वतंत्रपणे मांडता, फिरवता आणि लपवता येतात. त्यामुळे खेळाडूंनी पूल जाळला, तरी संपूर्ण नकाशा नव्याने काढावा लागत नाही, आधीच लपवून ठेवलेली जळक्या पुलाची टाइल उघड केली की पुरते. सर्वांत मोलाची आहे ती छपराची टाइल: पात्राची सोंगटी छपराखाली शिरताच ते विरळ होते आणि आतली खोली दिसू लागते. अवजड चित्रे मात्र जुन्या संगणकांना झेपत नाहीत, म्हणून पीएनजीऐवजी वेबपी हा चित्रफाइलींचा हलका प्रकार वापरावा. सॉफ्टवेअरचा परवाना एकदाच, तोही केवळ सूत्रधाराने (खेळ चालवणाऱ्याने) घ्यायचा असतो.