मोठ्या हॉलसाठी दणदणीत फ्रंट स्पीकर: साधे टॉवर, हॉर्नवाले की सरळ पीए?

गेल्या दिवाळीपासून मेव्हण्याच्या बंगल्यावरच्या गच्चीच्या हॉलसाठी फ्रंट स्पीकर शोधत होतो, आत्ता कुठे ते काम मार्गी लागलं. या काळात जे कळलं ते लिहून ठेवतोय, कारण दुकानात गेलं की जो तो आपल्याकडे जे पडलंय तेच दाखवतो आणि तुमची खोली केवढी, तुम्ही किती लांब बसणार हे कुणी विचारतच नाही. हॉल २५ बाय १८ फूट, उंची १० फूट, म्हणजे साडेचार हजार घनफूट झाला. खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, वर स्लॅब, एका बाजूला सगळ्या ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्या आणि सोफा पडद्यापासून १५ फुटांवर. मेव्हण्याची मागणी एकच होती, सिनेमा थिएटरसारखा छातीत वाजला पाहिजे पण डायलॉग एकेक शब्द कळला पाहिजे.

आमच्यासमोर तीन रस्ते होते. एक, नेहमीचे हायफाय टॉवर (जमिनीवर उभे राहणारे उंच स्पीकर), म्हणजे एसव्हीएस अल्ट्रा टॉवर किंवा केईएफ क्यू९५० असले. दोन, हॉर्नवाले (समोर कर्णा लावलेले) घरगुती स्पीकर, म्हणजे क्लिप्श आरपी-८०००एफ टू किंवा जेबीएलची एचडीआय सिरीज. आणि तीन, सरळ पीए स्पीकर, लग्नात आणि गणपतीत स्टँडवर दिसतात ते, १२ किंवा १५ इंची वूफर (बेस वाजवणारा मोठा कोन) आणि वर कॉम्प्रेशन ड्रायव्हर (कर्ण्यामागे बसणारा, वरचे सूर वाजवणारा भाग).

आता लोक पहिला प्रश्न विचारतात तो किती वॉटचा, आणि गडबड तिथेच होते. खरा आकडा सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे ठरावीक व्होल्टेज दिल्यावर (२.८३ व्होल्ट, ८ ओहमला बरोबर एक वॉट) एक मीटरवर किती डीबी (डेसिबल) आवाज येतो तो. ३ डीबी वाढवायला ॲम्पची ताकद दुप्पट लागते, १० डीबी वाढवायला दहापट. हे एकदा डोक्यात बसलं की बाकी सगळा हिशोब आपोआप सुटतो, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

थिएटरचं प्रमाण असं की मुख्य चॅनल सरासरी ८५ डीबीला लावलेला असतो आणि त्याचं शिखर १०५ डीबीपर्यंत जाऊ शकतं, सबवूफरच्या (फक्त खोल बेस वाजवणारा वेगळा स्पीकर) चॅनलचं ११५. घरी रिसीव्हरवर (सगळे स्पीकर जोडायची ॲम्पवाली पेटी) व्हॉल्यूम शून्यावर नेला (इथे शून्य म्हणजे बंद नाही, त्याखालचे आकडे उणे असतात) आणि कॅलिब्रेशन नीट झालेलं असेल तर तुम्ही त्याच पातळीवर असता. आता १५ फूट म्हणजे साधारण साडेचार मीटर. मोकळ्या मैदानात एवढ्या अंतरात १३ डीबी गळतात, खोलीत भिंती आवाज परत फेकतात म्हणून थोडे कमी, मी १० धरतो. मग ८८ डीबीचा टॉवर एका वॉटवर सोफ्यापाशी ७८ देणार, १०५ गाठायला अजून २७ डीबी हवेत, म्हणजे ५०० वॉट. एका स्पीकरला! ९४ डीबीच्या स्पीकरला तेच काम सव्वाशे वॉटमध्ये होतं आणि ९८ च्या पीए स्पीकरला ५० वॉटमध्ये. स्पीकर तिन्ही चांगले आहेत पण या खोलीत त्यांच्यावर पडणारं ओझं किती वेगळं आहे बघा.

हायफाय टॉवरला मी नावं ठेवणार नाही. एसव्हीएस अल्ट्रा टॉवरची सेन्सिटिव्हिटी ८८, केईएफ क्यू९५० ची ९१. गाण्याला दोन्ही फार सुंदर, गायकाचा आवाज असा समोर उभा राहतो की माझं स्वतःचं मन तिकडेच ओढ घेत होतं, आणि माझ्या घरी १२ बाय १४ च्या खोलीसाठी घ्यायचे असते तर मी डोळे मिटून तेच घेतले असते. पण १५ फुटांवरून सिनेमा मोठ्या आवाजात बघायचा तर त्यांच्यामागे तगडा ॲम्प उभा करावा लागतो. डेनॉन एव्हीआर-एक्स३८००एच सारखा चांगला रिसीव्हरसुद्धा १०५ वॉटचा आहे आणि तो आकडा दोनच चॅनल चालू असतानाचा. त्यावर ८८ वाला टॉवर सोफ्यापाशी ९८ डीबीच्या आसपास थांबतो. वेगळा पॉवर ॲम्प जोडता येतो, क्राउन एक्सएलएस १५०२ आठ ओहमला चॅनलमागे ३०० वॉट देतो, तरी पण आपण १०३ वरच आलो, आणि तोपर्यंत टॉवरची व्हॉइस कॉइल (स्पीकरचा कोन हलवणारी तारेची गुंडाळी) तापायला लागते. कॉइल तापली की तिचा रेझिस्टन्स वाढतो, रेझिस्टन्स वाढला की दिलेल्या व्होल्टेजमधून आवाज कमी निघतो, याला पॉवर कम्प्रेशन म्हणतात. ऐकताना ते असं जाणवतं की व्हॉल्यूम वाढवला तरी धमाका मोठा होत नाही, नुसता गजर वाढतो आणि कान थकतात. बऱ्याच लोकांना वाटतं आपला रिसीव्हर खराब आहे, पण तो बिचारा त्याच्या हद्दीबाहेर पळवला जात असतो.

अजून एक खाच. काही स्पीकर ४ ओहमचे असतात आणि त्यांचा सेन्सिटिव्हिटीचा आकडा २.८३ व्होल्टवर दिलेला असतो, म्हणजे तिथे एक नाही तर दोन वॉट जात असतात. जेबीएल एचडीआय-३८०० ची सेन्सिटिव्हिटी ९२ आहे पण तो ४ ओहमचा आहे, म्हणजे एका वॉटच्या हिशोबाने ८९ धरायचा. स्पीकर जबरदस्त आहे, तीन ८ इंची वूफर आणि कॉम्प्रेशन ड्रायव्हर, दबून वाजत नाही, फक्त त्याला ४ ओहम सहज पेलणारा ॲम्प द्या, साध्या रिसीव्हरवर टाकू नका.

आता हॉर्नवाले. पॉल क्लिप्शने १९४६ मध्ये अमेरिकेत आर्कन्सामधल्या होप गावात क्लिप्शहॉर्न काढला तेव्हा घरातले ॲम्प मोजक्या वॉटचे असायचे, थोड्या ताकदीत मोठा आवाज काढायची गरजच होती, आणि हॉर्न तेच करतो. ड्रायव्हरच्या तोंडाशी कर्णा लावल्यावर त्याची हवेवर पकड चांगली बसते आणि आवाज सगळीकडे सांडण्याऐवजी समोर जातो. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. आमच्यासारख्या टाइल्स आणि काचा असलेल्या हॉलमध्ये बाजूच्या भिंतींवर जितका आवाज कमी पडेल तितके डायलॉग साफ ऐकू येतात. लोक म्हणतात हॉर्न कर्कश असतो, मोकळ्या खोलीत लावू नका, माझा अनुभव उलटा आहे, तोंड नीट सोफ्याकडे वळवलं तर तोच जास्त सुसह्य वाटला. हां, मोकळ्या टाइल्सवर कुठलाच स्पीकर गोड वाजत नाही, त्यामुळे जाड गालिचा आणि भारी पडदे हा खर्च स्पीकरच्या बजेटमध्येच धरा.

आरपी-८०००एफ टू चा कंपनीचा आकडा ९८ आहे. पण हॉर्नवाल्या टॉवरचे छापील आकडे खोलीची मदत धरून दिलेले असू शकतात आणि स्वतंत्र मोजणीत ते तीन-चार डीबीने खाली येणं नवीन नाही, म्हणून वर मी ९४ धरला. तरीसुद्धा सव्वाशे वॉटमध्ये काम होतंय म्हणजे चांगल्या रिसीव्हरच्या जवळपास आटोक्यात आहे. आणि खरं सांगायचं तर घरात कुणी शून्यावर सिनेमा बघत नाही, उणे १० ला सुद्धा बायको-मुलं हात वर करतात. उणे १० म्हणजे दहावा हिस्सा ताकद, ८८ वाल्याला ५० वॉट आणि ९४ वाल्याला साडेबारा. त्यामुळे तुम्ही कधीच उणे १५ च्या वर जात नसाल तर ही सगळी चर्चा सोडा आणि ज्याचा आवाज कानाला आवडतो तो टॉवर घ्या, अगदी मनापासून सांगतोय.

क्लिप्शचेच जुन्या घराण्यातले हेरेसी आणि कॉर्नवॉल पण बघितले. हेरेसी १९५७ पासून चालू आहे, कॉर्नवॉलला १५ इंची वूफर आणि कंपनीचा आकडा १०२. कॉर्नवॉल ऐकल्यावर पाच मिनिटं कुणी बोललं नाही. पण रुंद पेटी, वरून किंमत, आणि मधल्या चॅनलला तसाच तिसरा लावायचा तर पडद्याखाली जागा नाही, म्हणून सोडला. अजून मनात आहे.

पीए स्पीकरवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला कारण तिथे पैशाला आवाज सगळ्यात जास्त मिळतो. इलेक्ट्रोव्हॉइस झेडएलएक्स-१२पी किंवा यामाहा डीबीआर१२ हे ॲक्टिव्ह स्पीकर आहेत, ॲम्प आतच असतो, आणि कंपनीचा कमाल आवाजाचा आकडा पहिल्याचा १२६ डीबी, दुसऱ्याचा १३१. हे शिखराचे आकडे आहेत, त्यातून चांगले दहा डीबी वजा केले तरी साडेचार मीटरवर १०५ काढायला त्यांना घाम फुटत नाही. मोठी व्हॉइस कॉइल तासन्‌तास वाजवण्यासाठीच बनवलेली असते. बंदुकीची गोळी, दार आपटणं, ढोलाची थाप हे ज्या झटक्याने येतं ते टॉवरमध्ये नाही येत, हे ऐकल्याशिवाय पटणार नाही. खालचा बेस ५०-६० हर्ट्झला संपतो पण ८० हर्ट्झच्या खालचं सगळं कापून सबवूफरकडे द्यायचं असल्यामुळे ती अडचण नाहीच.

अडचणी दुसऱ्या आहेत. पहिली म्हणजे सूं असा बारीक आवाज, सिनेमातलं शांत दृश्य आलं आणि पंखा बंद असला की तो ऐकू येतो. रिसीव्हरला प्रीआउट (बाहेरच्या ॲम्पला सिग्नल देणारी मागची सॉकेट) लागतात, नसतील तर ॲक्टिव्ह स्पीकर जोडताच येत नाहीत, खरेदीआधी मागची बाजू बघून घ्या. मग हम. आमच्याकडे डिशची केबल लावली की घूंऽऽ चालू, काढली की बंद, शेवटी ग्राउंड लूपसाठी (उपकरणांची अर्थिंग केबलमधून एकमेकांना जोडली गेल्यामुळे येणारा हम) आयसोलेटर लावावा लागला आणि इलेक्ट्रिशियनला बोलावून त्या खोलीचं अर्थिंग तपासून घेतलं. तिसरं, ते जवळून ऐकायचे नाहीत, सात-आठ फुटांवर हॉर्न आणि वूफर वेगवेगळे ऐकू येतात, १२ फुटांनंतर जुळतात. आणि चौथं, काळ्या लोखंडी जाळीची पेटी बहिणीला हॉलमध्ये नको होती, तिचा हॉल आहे, तिचं म्हणणं योग्य आहे. प्रोजेक्टर आणि आवाज आरपार जाणारा छिद्रांचा पडदा असेल तर हा मुद्दाच उरत नाही, तिन्ही एकसारखे पीए पडद्यामागे उभे करायचे, सिनेमागृहात तसंच असतं. वेगळी अंधारी थिएटर रूम करत असाल तर माझं मत सरळ याच बाजूला.

पीए घ्यायचा विचार असेल तर एक करा, विकत घेण्याआधी गावातल्या साउंडवाल्याकडून एक जोडी एका दिवसासाठी भाड्याने आणा. लग्नसराई सोडून गेलात तर भाडंही कमी लागतं. आम्ही तेच केलं, रविवारी सकाळी आणले, आपल्याच खोलीत, आपल्याच सोफ्यावर बसून तीन तास ऐकले. तिन्ही प्रकार एकाच खोलीत ऐकायला मिळणं फार कठीण असतं, निदान एक तरी ऐका.

सेंटरकडे, म्हणजे मधल्या स्पीकरकडे, लोक सगळ्यात शेवटी बघतात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण सिनेमातला बहुतेक सगळा संवाद तिथूनच येतो. डाव्या-उजव्यावर सगळं बजेट घालवून मधे एखादा छोटासा आडवा सेंटर बसवला तर १५ फुटांवर आधी तोच फाटतो आणि मग आपण डायलॉगसाठी व्हॉल्यूम वाढवतो आणि धमाक्यांना कमी करतो, रिमोट हातातून सुटत नाही. आडव्या सेंटरमध्ये दोन वूफर शेजारी-शेजारी असले की सोफ्याच्या टोकाला बसणाऱ्याला काही सूर गायब झाल्यासारखे वाटतात. तेव्हा आधी सेंटर ठरवा, मग त्याच्या जोडीचे डावे-उजवे. जमलं तर तिन्ही एकसारखे. बजेट अपुरं असेल तर टॉवरऐवजी त्याच सिरीजचे बुकशेल्फ (स्टँडवर ठेवायचे छोटे स्पीकर) घ्या, क्लिप्श आरपी-६००एम टू चा आकडा ९४.५ आहे, आणि वाचलेल्या पैशात दुसरा सबवूफर घ्या. टॉवरमधला बेस ८० हर्ट्झला कापलाच जाणार आहे, मग त्याचे पैसे कशाला.

आम्ही शेवटी आरपी-८०००एफ टू ची जोडी, त्याच सिरीजचा चार वूफरचा मोठा सेंटर आणि दोन सबवूफर असं घेतलं. वापर मिश्र आहे, संध्याकाळी टीव्ही, रविवारी सिनेमा, अधूनमधून नाट्यसंगीत, आणि हॉल बसाउठायचा पण आहे, म्हणून. तीच खोली दारं बंद करून फक्त सिनेमासाठी असती तर मी पीएवर अडून बसलो असतो.

कानांचं पण सांगतो कारण घरात दोन लहान मुलं आहेत. १०५ हे क्षणभराचं शिखर ठीक आहे, पण सरासरी ८५ डीबी ही कामाच्या ठिकाणी आठ तासांची मर्यादा धरतात आणि पुढे दर ३ डीबीला तो वेळ निम्मा होतो. आम्ही मुलं असताना उणे १८ च्या वर जात नाही. रात्री दहानंतर सब बंद, कारण बेस भिंतीतून शेजारच्या काकांच्या बेडरूममध्ये जातो, त्यांनी अजून तक्रार केलेली नाही आणि करायची वेळ येऊ नये.

आणि त्या स्लायडिंग खिडक्या, पहिल्याच दिवशी सब लावल्यावर अशा खडखडल्या की आम्हाला वाटलं नवीन स्पीकर फाटला. सगळ्या ट्रॅकमध्ये लोकरी पट्टी आणि कडेला रबर घातलं, एका दुपारचं काम, थांबलं. पीओपीचं छत असेल तर ते पण हाताने दाबून बघा.