रंग काढून घेतल्यावर: ‘ओपनहायमर’ आणि ‘ड्यून: पार्ट टू’

ख्रिस्तोफर नोलन यांचा ‘ओपनहायमर’ (2023) अणुबाँबच्या निर्मितीचा इतिहास सांगतो, तर डेनी विलनव्ह यांचा ‘ड्यून: पार्ट टू’ (2024) हजारो वर्षांनंतरच्या एका वाळवंटी ग्रहावर घडतो. विषयांचे इतके अंतर असूनही दोन्ही दिग्दर्शकांनी मोक्याच्या जागी पडद्यावरचे रंग काढून घेतले आहेत, आणि त्यामागची कारणे अगदी वेगळी आहेत.

‘ड्यून’मधील खलनायकी हार्कोनेन घराण्याच्या ग्रहावर काळा सूर्य तळपतो. तेथील बाह्यदृश्ये छायाचित्रकार ग्रेग फ्रेझर यांनी अवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या, इन्फ्रारेड) प्रकाशात टिपल्यामुळे माणसांची त्वचा पांढरीफटक, जवळजवळ निर्जीव भासते. आखाड्यापाशी पात्रे सावलीतून उन्हात येतात आणि पाहता पाहता त्यांच्या अंगावरचा रंग उडून जातो. परक्या जगाचे परकेपण एकाही संवादाविना इतके पटवणारे दृश्य अलीकडच्या विज्ञानपटांत विरळाच. मात्र या कल्पकतेला साजेसा खलनायक लिहिलेला नाही. हार्कोनेनांचा वारस फेड-रौथा क्रूर आहे, एवढेच. पटकथेचे खरे बळ नायक पॉलची प्रेयसी चानी हिच्यामध्ये आहे, कारण मूळ कादंबरीपेक्षा वेगळी, पॉल हाच तारणहार ही भविष्यवाणी साफ नाकारणारी ही चानी नायकाच्या विजयावरच प्रश्नचिन्ह लावते.

नोलन यांची योजना अधिक खोल आहे. जुना काळ कृष्णधवल दाखवायचा, हा ऐतिहासिक चित्रपटांचा सोयीचा संकेत ते उलटा करतात: 1945 ची ट्रिनिटी ही पहिली अणुचाचणी रंगीत आहे, तर अमेरिकी अणुऊर्जा आयोगाचे माजी अध्यक्ष आणि ओपनहायमर यांचे विरोधक लुईस स्ट्रॉस यांची 1959 मधील सिनेटपुढची सुनावणी कृष्णधवल. रंगीत भाग बाँब घडवणारे शास्त्रज्ञ ओपनहायमर यांच्या मनातून पाहिलेला, कृष्णधवल भाग बाहेरून पाहिलेला. त्यासाठी कोडॅकने आयमॅक्स कॅमेऱ्यात चालणारी 65 मिलिमीटरची कृष्णधवल फिल्म प्रथमच तयार केली. तरीही तीन तासांच्या या चित्रपटाचा शेवटचा तास स्ट्रॉस यांच्या सूडनाट्यात इतका गुंततो की हिरोशिमानंतरचा नैतिक प्रश्न मागे पडतो. (स्ट्रॉस साकारणाऱ्या रॉबर्ट डाउनी ज्युनियर यांचा अभिनय उत्तम आहे, हे खरेच.) ओपनहायमर यांची पत्नी किटी आणि प्रेयसी जीन टॅटलॉक यांच्या वाट्याला तर फारच थोडे आले आहे.

‘ड्यून’ मोठ्या पडद्यावरच पाहावा. ‘ओपनहायमर’ घरी पाहिल्यास ट्रिनिटीचा स्फोट आणि त्यानंतर रेंगाळत येणारा आवाज यांचा परिणाम उणावेल, पण बंद खोल्यांतील चौकशीचे जे प्रसंग त्याचा कणा आहेत, ते तेथेही तितकेच टोचतील.