हायडनची ओळख करून देणारा मुलांचा संच: आठ महिने वापरल्यानंतर

आठ महिन्यांपूर्वी मुलांसाठी ऑस्ट्रियन संगीतकार योझेफ हायडनचं आयुष्य आणि संगीत सांगणारा एक संच घेतला. चित्रांची चोवीस कार्डं, प्रत्येक कार्डासोबत निवेदन आणि संगीताचा छोटा तुकडा, एक नकाशा आणि एक कृतिपुस्तिका. मुलगी नऊ वर्षांची आहे, मुलगा सहाचा. पहिल्या पंधरा दिवसांत लिहायला बसले असते तर नुसतं कौतुक झालं असतं, कारण चित्रं फार सुरेख आहेत. आता कार्डांचे कोपरे मऊ पडलेत आणि माझं मत पक्कं झालंय: संच जरूर घ्यावा, पण आतल्या पुस्तिकेत दिलेल्या क्रमाने वापरू नये.

लहानपणाची कार्डं सर्वांत चांगली आहेत. 1732 साली ऑस्ट्रियातल्या रोराउ या खेड्यात जन्म, वडील गाड्यांची चाकं बनवणारे. त्यांना स्वरलिपी वाचता येत नव्हती, पण ते ऐकून ऐकून हार्प वाजवायचे आणि सगळं घर गायचं. सहा वर्षांच्या सुमारास मुलाला संगीत शिकायला हाइनबुर्गला नातेवाइकाकडे धाडलं आणि आठव्या वर्षी तो व्हिएन्नाच्या सेंट स्टीफन कॅथेड्रलमध्ये गाणाऱ्या मुलांत गेला. आई-वडिलांच्या घरी तो पुन्हा कधी राहायला आला नाही. हे ऐकल्यावर माझ्या मुलाने ते कार्ड उचललं आणि रोराउच्या घराच्या कार्डाशेजारी ठेवलं. आजही तो ती दोन कार्डं एकत्रच ठेवतो. आपल्या वयाचा मुलगा घर सोडून गेला हे त्याला आतून कळलं, आणि त्यानंतर हायडन त्याच्यासाठी पुस्तकातला माणूस राहिला नाही.

आता क्रमाबद्दल. 94 क्रमांकाची सिंफनी (सिंफनी म्हणजे पूर्ण वाद्यवृंदासाठीची अनेक भागांची रचना), म्हणजे प्रसिद्ध ‘सरप्राइज’. तिच्या दुसऱ्या भागातली सुरावट इतकी सोपी आहे की मुलं लगेच गुणगुणतात: सा सा ग ग प प ग, म म रे रे नि नि प (शेवटचे नि आणि प मंद्रातले). एकदा हळू आवाजात, मग तीच आणखी हळू आवाजात, आणि अचानक टिंपनी या मोठ्या नगाऱ्यांसकट सगळा वाद्यवृंद एकदम कडाडतो. संचातला निवेदक मात्र आधी दोन मिनिटं सांगतो की आता मोठा आवाज येणार, तयार राहा! मुलगी कानांवर हात ठेवून बसली. दणका आला आणि गेला. दोन आठवड्यांनी मी मुलाला काहीही न सांगता, निवेदन वगळून, फक्त संगीत लावलं. तो दचकून उभाच राहिला, मग खदखदून हसला आणि लागोपाठ चार वेळा तेच ऐकलं. मुलीची ती पहिली वेळ परत आणता येत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

याच कार्डावर लिहिलंय की मैफलीत डुलक्या काढणाऱ्या श्रोत्यांना जागं करायला हायडनने हा दणका घातला. गोष्ट गोड आहे, पण खुद्द हायडननेच ती नाकारली होती. त्याचा चरित्रकार ग्रीसिंगरने विचारलं तेव्हा त्याने सांगितलं की लोकांना काहीतरी नवं देऊन चकित करायचं होतं. त्याच सुमारास त्याचा जुना शिष्य प्लेयेल लंडनमध्ये मैफली करत होता आणि त्याच्यापुढे मागे पडायचं नव्हतं. ही सिंफनी लंडनला 23 मार्च 1792 रोजी पहिल्यांदा वाजली, तेव्हा हायडन साठीला टेकला होता. साठीतल्या गुरूला शिष्याच्या बरोबरीने नवं काहीतरी करून दाखवायचंय, ही खरी गोष्ट मुलीला झोपाळू श्रोत्यांपेक्षा जास्त आवडली.

45 क्रमांकाच्या ‘फेअरवेल’ (म्हणजे निरोप) सिंफनीच्या बाबतीत नेमकं उलट घडलं. ‘सरप्राइज’वरून धडा घेऊन मी हीसुद्धा आधी न सांगता ऐकवली. मुलं कंटाळली. “आवाज हळूहळू कमी झाला,” एवढंच दोघं म्हणाली. हिला आधी गोष्ट लागतेच. हायडन ज्याच्या नोकरीत होता तो राजपुत्र निकोलाउस एस्टरहाझी 1772 साली त्याच्या एस्टरहाझाच्या उन्हाळी महालात ठरल्यापेक्षा जास्त दिवस राहिला. वादकांची कुटुंबं तिकडे आयझेनश्टाटला, आणि रजा मागणार कोण? मग हायडनने सिंफनीच्या शेवटी एक संथ भाग लिहिला. त्यात एकेक वादक आपलं वाजवणं संपवतो, समोरची मेणबत्ती विझवतो आणि निघून जातो. शेवटी दोनच व्हायोलिनं उरतात. राजपुत्राला जे समजायचं ते समजलं.

मे महिन्यात घरात भावंडं जमली होती, नऊ मुलं. नऊ टॉर्च दिले आणि जाण्याचा क्रम कागदावर लिहून भिंतीला लावला: आधी एक ओबो आणि एक हॉर्न, मग बासून (ही तिन्ही फुंकून वाजवायची वाद्यं), मग दुसरा ओबो आणि दुसरा हॉर्न, डबल बास, चेलो, बाकीची व्हायोलिनं, व्हायोला. ओबो-हॉर्नची प्रत्येक जोडी एका मुलाकडे. माझा मुलगा डबल बास झाला. त्या वाद्याला एकट्याने वाजवायला एवढा मोठा तुकडा क्वचितच मिळतो, आणि तो संपेपर्यंत मुलगा ताठ उभा होता. मग टॉर्च विझवून गेला. मुलगी आणि तिची मावसबहीण, दोघी शेवटपर्यंत. त्यांचे टॉर्च विझल्यावर खोलीत थोडा वेळ कुणीच बोललं नाही. हे पुस्तिकेत कुठेही सुचवलेलं नाही, आणि संचातल्या ध्वनिमुद्रणावर ते करताही येत नाही, कारण त्यातला तुकडा मिनिटभरात कृत्रिमपणे मंद होत संपतो. ज्या संगीताचा सगळा अर्थच वादक एकेक करून थांबण्यात आहे, त्याचा आवाज यंत्राने कमी करणं मला अक्षम्य वाटतं. आम्ही पूर्ण सिंफनी वेगळी मिळवली. शेवटचा संथ भाग चार-पाच मिनिटांचाच आहे.

तुकडे तोडण्याचा हा दोष सगळीकडे आहे. ऑपस 33 या रचनासंचातलं दुसरं स्ट्रिंग क्वार्टेट (चार तंतुवाद्यांसाठीची रचना) ‘जोक’ म्हणून ओळखलं जातं. त्याच्या शेवटी सुरावट थांबत थांबत येते, संपली असं वाटतं आणि पुन्हा सुरू होते. संचात पहिल्या थांब्यालाच तुकडा संपवलाय! पूर्ण ऐकवून ‘टाळी कधी वाजवायची’ हा खेळ करून बघा. आमच्याकडे मोठी माणसंही फसली.

माझा सर्वांत गंभीर आक्षेप नोकरीच्या कार्डावर आहे. चित्रात झगमगता महाल आणि मजकुरात “राजपुत्राने हायडनला बोलावून घेतलं आणि तो सुखाने राहू लागला.” मुलीने विचारलं, “सगळ्यांचे कपडे एकसारखे का आहेत?” प्रश्न अगदी योग्य होता. 1761च्या करारानुसार हायडनला गणवेश घालावा लागे, रोज दोनदा दालनाबाहेर उभं राहून आज काय वाजवायचं याचा हुकूम घ्यावा लागे आणि परवानगीशिवाय दुसऱ्या कुणासाठी रचना करता येत नसे. ही शेवटची अट 1779च्या नव्या करारात गेली. हे सांगितल्यावर ‘फेअरवेल’ काय आहे ते मुलीला नव्याने कळलं: ज्याला तोंडाने बोलता येत नाही त्याने वाद्यांकडून बोलून घेतलं. महालात त्याला चांगला वाद्यवृंद आणि नवनवे प्रयोग करायची मुभा मिळाली हेही तितकंच खरं आहे. दोन्ही गोष्टी नऊ वर्षांच्या मुलाला झेपतात. त्या लपवायचं कारण नाही.

एक सरळ चूकही आहे. शिट्ट्या, खुळखुळे, कोकिळेचा आवाज असलेली ‘टॉय सिंफनी’ संचात हायडनच्या नावावर आहे. ती त्याची नाही. पूर्वी लिओपोल्ड मोझार्टचं नाव घेतलं जायचं, हल्ली एडमंड आंगेरर या ऑस्ट्रियन धर्मगुरूचं घेतलं जातं. मुलीने पेन्सिलने कार्डावर तशी दुरुस्ती केली. रचना मात्र मजेची आहे, ठेवाच.

नकाशा चांगला आहे, व्हिएन्ना ते लंडन प्रवास बोटाने गिरवता येतो. ‘क्लॉक’ सिंफनीच्या टिकटिकीचं कार्ड छान जमलंय. कृतिपुस्तिकेतले रिकाम्या जागा भरायचे प्रश्न आम्ही दोन दिवसांत सोडून दिले. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी मी हा संच घेणार नाही.

गेल्या आठवड्यात संचात नसलेली एक रचना लावली होती, 1801 सालची ‘द सीझन्स’. तिच्यात नांगरणारा शेतकरी शीळ घालत शेतात जातो. मुलगा जमिनीवर ठोकळे रचत होता. शीळ सुरू झाली तसा थांबला आणि म्हणाला, “सा सा ग ग!” मी काहीच सांगितलं नव्हतं. मग त्याने ठोकळे खाली ठेवले, दोन्ही कानांवर हात धरले आणि दणक्याची वाट बघत बसला. शेतकरी शीळ घालत घालत पुढे निघून गेला. “या वेळी नाही केला,” मुलगा म्हणाला, आणि पुन्हा लावायला सांगितलं.