स्की बूट, २३ दिवसांनंतर: दुसरं बकल आणि माझी हुशारी

बूट चार बकलांचे, फ्लेक्स (म्हणजे ताठपणा) ११०, रुंदी १०० मिलिमीटर. बाकीची माहिती खोक्यावर छापलेली असते, ती इथे उतरवत बसत नाही. मला बोलायचंय ते डाव्या बुटाच्या एकाच बकलाबद्दल. बोटांकडून दुसरं, पावलाच्या उंचवट्यावरचं.

परवाची सकाळ. आदल्या दुपारी बर्फ पाघळला होता आणि रात्रभर आभाळ निरभ्र, म्हणजे सकाळी काय वाढून ठेवलंय ते माहीत होतं. तरी पहिल्या लिफ्टने वर गेले; सीझनचा पास काढलाय, तो वसूल नको करायला? सावलीतली ब्लॅक रन, म्हणजे सगळ्यात अवघड उतार, बर्फ सपाट करणारं मशीन फिरलेलं नाही, मोगल (उतारावरचे बर्फाचे उंचवटे) म्हणजे नुसते गोठलेले धोंडे. कडांना रात्री स्वतः कानस मारून ८८ अंशांची धार केली होती आणि त्या मस्त चावत होत्या. स्कीबद्दल तक्रार नाही. पण प्रत्येक वळणाला आधी टाच बुटात उचलली जायची आणि मग कुठे स्कीला निरोप पोचायचा. मऊ बर्फात असली उशिराची वळणं खपून जातात. इथे दरवेळी खालच्या मोगलवर आदळत होते.

पाचव्या की सहाव्या मोगलवर आवाज आला. टक्. बकल उघडलं.

आता उतारावर आडवं उभं राहायचं, सगळा भार खालच्या स्कीवर, हातमोजा दातात. बकलाच्या दातऱ्यांत बर्फ घट्ट बसलेला. काठीच्या टोकाने तो उकरायचा, तारेची कडी शेवटच्या दातात अडकवायची, खटका दाबायचा. बोटं बधिर. चार वळणं, पुन्हा टक्. एका उतारात तीनदा! वरून येणारे सगळे शेजारून खाली गेले, त्यातला एक तर साठीच्या पुढचा असावा.

हे बकल दोनदा बदलून झालंय. पहिल्यांदा दुकानाने मुकाट्याने बदललं. दुसऱ्यांदा ‘मॅडम, तुम्ही फार आवळता’ हे ऐकवून बदललं. आवळू नको तर काय करू? सैल ठेवलं की टाच नाचते. एवढ्या महाग बुटाला बोटाएवढं बकल धड लावता येत नाही, यावर मी तिथे बरंच बोलले. थोडं जास्तच, हे आता कबूल करते.

इथपर्यंत तेव्हाच लिहून ठेवलं होतं. मग दुसऱ्या एका फिटरकडे, म्हणजे बूट पायाला बसवून देणाऱ्याकडे, गेले, तेही भांडणाला पुरावा हवा म्हणून. त्याने बकलाकडे पाहिलंसुद्धा नाही. लायनर (आतला मऊ बूट) बाहेर काढला, नुसत्या शेलमध्ये, म्हणजे बाहेरच्या कडक प्लास्टिकमध्ये, पाय घालायला लावला, बोटं पुढे टेकवायला सांगितली आणि टाचेमागे हात घातला. तीन बोटं आरामात गेली. चांगलं स्की करणाऱ्याला तिथे एक ते दीड सेंटिमीटर पुरे, आरामात फिरणाऱ्याला दोन. माझं पाऊल २४.२ सेंटिमीटर आणि बूट २५.५ चा.

यात दुकानाने फसवलं म्हणावं तर तेही नाही. त्यांनी २४.५ काढून दिला होता. बोटं टेकतात म्हणून मीच नको म्हटलं. लहान पडला तर पैसे वाया, मोठा असला तर मोजे घालू, हा हिशोब. आणि खरंच दोन-दोन मोजे घालत होते! गुडघा पुढे वाकवला की बोटं आपोआप मागे सरकतात, हे दुकानात सरळ उभं राहून कळत नाही. त्यात बहुतेक कंपन्यांत २५ आणि २५.५ चं शेल एकच असतं, म्हणजे अर्धा नंबर उतरूनही सुटका नव्हती. लायनर नवा असताना त्याची गादी सगळं झाकून घेते. पंधरा-वीस दिवसांत ती दबली आणि टाच मोकळी झाली. फिटरच्या मते ती पोकळी बकलाने भरायला गेलं की प्लास्टिकच वाकतं, आणि घोटा पुढे वाकताना ताण सुटला की खटका उडतो. पटलं. फक्त डावंच का उडतं, ते मात्र त्यालाही सांगता आलं नाही.

शेवटी तेच मॉडेल २४.५ मध्ये घेतलं. सोल सुमारे १० मिलिमीटरने आखूड झाला, म्हणून बाइंडिंग (बूट स्कीला धरून ठेवतं ते) सरकवून पुढचा दाब आणि डिन (किती जोराला बूट सुटावा तो आकडा) पुन्हा लावून घ्यावं लागलं, त्याचे पैसे वेगळे. हे टाळू नका, मीसुद्धा टाळलं नाही. एकच पातळ मोजा. पहिले दोन दिवस करंगळीने रडवलं, मग तेवढ्या जागी शेल तापवून फुगवून घेतलं.

काल त्याच रनवर, तशाच बर्फात गेले. बकल दुसऱ्या दातावर, दोन बोटांनी लागलं आणि खालपर्यंत लागलेलंच राहिलं. मोगल मात्र तेवढेच कठीण होते. मधल्या अरुंद भागात एकदा बसलेच. त्याला बूट काय करणार.

जुना जोड विकायला काढलाय. पाऊल २५ च्या वर असेल तरच विचारा. डावं बकल नवं आहे, तिसरं.