पत्ते जुळवणारं फंक्शन: साधं एसक्यूएल की पीएल-पीजीएसक्यूएल?

मुंबईच्या पत्त्यांत एकच ठिकाण 'अंधेरी (पू.)', 'अंधेरी ईस्ट', 'अंधेरी पूर्व' असं तीन तऱ्हांनी येतं. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ते एकसारखं करणारं फंक्शन दोन प्रकारे लिहिता येतं.

साध्या एसक्यूएलमध्ये एकच सिलेक्ट, आत एकात एक रिप्लेस (एका शब्दाजागी दुसरा घालणारं फंक्शन). असं फंक्शन प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा पोस्टग्रेसचा भाग) उलगडून मूळ क्वेरीतच मिसळू शकतो. दर ओळीला वेगळं बोलावण्याचा खर्च वाचतो. पत्त्यांसाठी हेच घ्यावं. पीएल-पीजीएसक्यूएल, म्हणजे पोस्टग्रेसची लूप-अटी असलेली भाषा, हिचं फंक्शन प्लॅनरला बंद डबाच. लूप किंवा एरर पकडणं हवं असेल तर ते लागतं, पण एरर पकडणारा एक्सेप्शन ब्लॉक दर वेळी सबट्रान्झॅक्शन (व्यवहाराच्या आत छोटा व्यवहार) उघडतो. लाखो ओळींवर ते चांगलंच जाणवतं.

खरी मेख दोन्हीकडे सारखी. फंक्शन किती स्थिर आहे ते न लिहिल्यास ते व्होलटाइल (दर वेळी वेगळं उत्तर देऊ शकणारं) धरलं जातं, आणि प्लॅनरला उलगडता येत नसेल तर त्यावर इंडेक्स (झटपट शोधासाठीची सूची) बनतच नाही. म्हणून इम्युटेबल (त्याच इनपुटला कायम तेच उत्तर देणारं) लिहायचं, पण ते खरंच तसं असेल तरच. आत विभागांचं टेबल वाचत असाल तर ते इम्युटेबल नव्हे: टेबल बदललं तरी इंडेक्स जुनीच उत्तरं धरून बसतो. एरर येत नाही, ओळी नुसत्या सापडत नाहीत. एखादा नवा रिप्लेस घातलात तरी तेच होतं. लगेच रीइंडेक्स करा, म्हणजे इंडेक्स नव्यानं बांधा.